हाराआधीचा फोटो

रखमाजींना तिघांनी तीन वेगवेगळी कारणं सांगितली आणि तिथंच सगळं फसलं.

थोरला मुलगा संदेश म्हणाला, भातवाल्यांच्या कंपनीत सभासदांचे फोटो लावायचेत. संदेशची बायको मानसी सकाळचा चहा देता देता म्हणाली, रेशनकार्डाला फोटो लागतोय. आणि धाकट्या आदिनाथनं कुसगावहून फोन करून सांगितलं, "आबा, प्रेरणाला एका स्पर्धेत फोटो पाठवायचाय. तुम्ही घटकाभर बसा तिच्यासमोर." प्रेरणा त्याची मुलगी. लोणावळ्यात लग्नांचे फोटो काढायची आणि त्यातनं वेळ मिळाला की टाकव्याला आजी-आजोबांकडं यायची.

भावाभावांचं बोलणं चालू असतं तर निदान कारण तरी एक ठरलं असतं. पण आदिनाथला माळावरच्या तुकड्यात पर्यटकांसाठी तंबू ठोकायचे होते, आणि संदेश म्हणाला होता, "माज्या मढ्यावर ठोक." तेव्हापासून दिवाळी गेली, भात झोडून झालं, इंद्रायणीची पोती घरात आली, तरी दोघं एकमेकांशी फक्त मानसीमार्फत बोलत होते.

"रेशनकार्डाला फेटा कशाला लागतो गं?" रखमाजींनी विचारलं.

मानसीच्या हातात इस्त्री होती. समोर सासऱ्याचं ठेवणीतलं पांढरं धोतर, शेजारी कालच आणलेला भगवा फेटा.

"लागत न्हाई तसा. पर बरा दिसतो."

"म्हंजी धान्य जास्त मिळतं?"

मानसीनं मान खाली घालून धोतराच्या घडीवर इस्त्री जोरात दाबली. हसू येत होतं. फोटो कशासाठी हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तोंडानं कुणी म्हणत नव्हतं. दिवाळीनंतर आबांच्या छातीत कळ आली, तळेगावच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आले ते चालत, बडबडत, नर्सच्या नकला करत. पण त्या दिवसापासून घरात सगळे जरा हळू बोलायला लागले होते, आणि त्या हळू बोलण्यातच कधीतरी हा फोटो ठरला.

त्याला कारण श्रीपतींचं झालेलं. श्रीपती म्हणजे आबांचे थोरले भाऊ. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो निघाला नाही. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचं तोंड कापून मोठं केलं. तो फोटो आता हॉलमध्ये होता. श्रीपती गंभीर, कपाळाला गंध, चंदनाचा हार, आणि डाव्या खांद्यावर कुणा अनोळखी माणसाचा हात. हातात घड्याळ. हा हात कुणाचा यावर अजून एकमत नव्हतं.

"मानसी," रखमाजी म्हणाले, "कांदाभजी कर."

"आबा, डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय."

"मग तोंडावर तेज कुटनं येनार? रेशनवाला म्हनंल ह्यो मानूस आजारी हाय, ह्याचा गहू कमी करा."

मानसीनं भजी केली. थोडीच, आणि दार लोटून.

रखमाजी ओसरीवरच्या उन्हात बसून भजी खात होते आणि मनातल्या मनात खूश होते. त्यांना पहिल्या कारणालाच कळलं होतं. भातवाल्यांच्या कंपनीचं ऑफिस त्यांनी पाहिलं होतं. तिथं भिंतीवर कॅलेंडर लावायला जागा नव्हती, सभासद कुठं लावणार? वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. एक दुपारभर ते गोठ्यात जाऊन बसले होते, म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत. मग त्यांना वाटलं, ही मंडळी आपल्यासाठी इतकं खोटं बोलतायत तर आपणही जरा मजा करून घ्यावी. कंपनीचं नाव घेऊन संदेशकडून त्यांनी नवी चप्पल काढली. स्पर्धेचं नाव घेऊन आदिनाथला हॉटेलात मिळतो तसला मऊ पाव आणायला सांगितला. आणि आता ही भजी. मरणाच्या तयारीत इतकी चंगळ असते हे आधी कळलं असतं तर ती आधीच सुरू केली असती.

चारच्या सुमाराला आदिनाथची गाडी आली. पुढून प्रेरणा उतरली, बॅगा सांभाळत. मागून भामाबाई, रखमाजींची धाकटी बहीण, कुसगावात दिलेली. त्यांच्या कडेवर लेकरासारखी फळांची टोपली होती, नारिंगी जिलेटिन कागदात गुंडाळलेली.

भामाबाईंना कुणी काही पढवलं नव्हतं. हीच चूक झाली.

"दादा!" त्या फाटकातूनच ओरडल्या. "तुजा फोटो काडत्यात म्हनं! लय बेस झालं. न्हाईतर श्रीपतीदादाचं बघ, मेल्यावर बी खांद्यावर परक्याचा हात घिऊन बसलाय!"

अंगणात संदेश पाण्याचा पाइप धरून तसाच उभा राहिला. आदिनाथनं गाडीच्या काचेकडं बघून केस सारखे केले.

"काय म्हनलीस?" रखमाजींनी कानामागं हात धरला. "ऐकू आलं न्हाई."

त्यांचे कान उत्तम होते. शेतातली मोटार बंद पडली तर त्यांना घरात बसून कळायचं.

"काही न्हाई, काही न्हाई," मानसी धावत आली आणि तिनं भामाबाईंना टोपलीसकट आत ओढलं.

*

प्रेरणाला खरी अडचण हॉलमध्ये गेल्यावर कळली.

घर बांधताना दोघा भावांनी हॉल वाटून घेतला होता. छत आदिनाथचं. त्यानं हॉटेलासारखे पिवळे दिवे बसवले, भिंती उबदार दिसाव्यात म्हणून. भिंती संदेशच्या. त्यानं पोपटी रंग दिला, कारण रंग दिलाय हे कळायला नको का? दहा वेळा या हॉलमध्ये जेवूनही प्रेरणाच्या हे कधी लक्षात आलं नव्हतं, कारण डोळे सगळं सांभाळून घेतात. कॅमेरा घेत नाही.

रखमाजी खुर्चीत बसले. फेटा नको म्हणाले, रोजची पांढरी टोपीच ठेवली. त्यांची बायको लीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. तीच त्यांची जागा होती. घरात काहीही चाललेलं असलं तरी त्या तिथून बघायच्या.

प्रेरणानं आधी फ्लॅश न लावता एक फोटो घेतला. दिवे वरून पडत होते, त्यामुळं आबांच्या डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या आल्या.

"दाव," रखमाजी म्हणाले. बघितलं. "ह्यो कवटीचा फोटो हाय."

मग तिनं कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवून सरळ तोंडावर मारला. डोळे दिसले, पण तोंड पांढरंफटक, मागं भिंतीवर काळी सावली.

"आता पिटाच्या डब्यात पडलोय."

"आबा, फ्लॅश पांढरा आहे आणि हे दिवे पिवळे. दोघांचं जमायला हवं. मी कॅमेऱ्याला सांगते, पिवळ्यालाच पांढरं समज." तिनं कॅमेऱ्यात बदल केला आणि पुन्हा फोटो घेतला. खोली छान दिसली. आबा निळे पडले.

निळे आबा बघून मानसीनं पदर तोंडाला लावला. ते हसू होतं की दुसरं काही, तिचं तिलाच कळलं नसावं.

"मग भिंतीवर मार की उजेड," संदेश म्हणाला. "लग्नात मारत्यात तसा. माझ्या भिंतीवर मार."

प्रेरणानं फ्लॅश बाजूला वळवला. उजेड पोपटी भिंतीवर आपटला आणि आबांच्या गालांवर येऊन बसला.

"हिरवं झालं," भामाबाई म्हणाल्या. "पान्यात पडून चार दिस झाल्यावानी."

"वन्सं!" दारातून लीलाबाईंचा आवाज आला.

"रंग कुनाचा? माजा न्हवं." भामाबाईंनी टोपलीतला चिकू उचलून खाल्ला.

"मानसीवहिनी," आदिनाथ म्हणाला, "संदेशतात्यांना सांगा, मी तेव्हाच म्हणालो होतो, भिंत पांढरी ठेवा."

"मानसी," संदेश म्हणाला, "त्याला सांग, दिवं पांढरं घेतलं असतं तर काय बी झालं नसतं."

"दोघांनी मला सांगायचं बंद करा," मानसी म्हणाली. "मी टेलिफोन न्हाई."

प्रेरणाच्या बॅगेत नारिंगी कागद असायचा. फ्लॅशवर लावला की त्याचा उजेड दिव्यांसारखाच पिवळसर होतो, मग कॅमेऱ्याला दोघं एकाच घरातले वाटतात. आज तो नेमका लोणावळ्यात राहिला होता. तिची नजर फळांच्या टोपलीवर गेली.

"भामाआजी, जरा तो कागद द्या."

"घे की. पर संत्री माजी मी परत नेनार न्हाई, नायतर वैनी म्हनंल निस्ता कागद दिला."

जिलेटिनची घडी घालून तिनं ती फ्लॅशवर रबरबँडनं बसवली. रंग जमला. पण उजेड अजून टोकदार होता, सुरकुत्यांच्या कडेला चमकत होता. त्याच्यापुढं काहीतरी पांढरं, मोठं, पातळ धरायला हवं होतं.

"आबांनी नेसलंय ते सोडून दुसरं धोतर आहे का?"

होतं. मानसीनं आणलं. पण ते धरायला उंच माणसं हवी होती, आणि हॉलमध्ये उंच माणसं दोनच होती.

प्रेरणानं एक टोक तात्याच्या हातात दिलं, दुसरं पप्पांच्या. "ताणून धरा. सैल सोडलं की चुण्यांची सावली पडते. आणि जवळ या. अजून जवळ."

"इतकं?" आदिनाथ म्हणाला.

"पप्पा, फोटो चांगला हवाय ना?"

खरं तर एवढं जवळ यायची गरज नव्हती. पण हे सांगणारं दुसरं कुणी खोलीत नव्हतं, आणि फोटोग्राफरचं म्हणणं कुणी मोडत नाही, हे ती लग्नांमध्ये शिकली होती. रुसलेल्या मावश्या, न बोलणारे व्याही, ती सगळ्यांना 'उजेडासाठी' चिकटून उभं करायची. दोघं भाऊ धोतराची टोकं ताणून, एकमेकांकडं न बघता, खांद्याला खांदा लागेल इतके जवळ उभे राहिले. फ्लॅश आता कॅमेऱ्यावरून काढून स्टँडवर लावलेला, त्यांच्या मागं.

"आबा, आता हलायचं नाही. दिव्यांचा उजेड यायला कॅमेरा जरा जास्त वेळ उघडा राहतो. हललात की पुसट होता."

"व्हय."

ती क्लिक करणार तेवढ्यात आबांनी डोळे मिटले. पुन्हा घेतला. पुन्हा मिटले. तिसऱ्यांदा त्यांनी जीभ किंचित बाहेर काढली.

"आबा, मुद्दाम करताय तुम्ही."

"म्या? म्हातारा मानूस, दिपतात डोळं." मग त्यांनी खुर्चीत सावरून घेतलं आणि सगळ्यांवरनं नजर फिरवली. "बरं, मला एक सांगा. हार कसला घालनार? झेंडूचा का चंदनाचा? झेंडू म्हनजी रोज बदलाया लागंल. मानसीला ताप."

धोतर सैल पडलं.

"आबा, काहीतरीच काय," आदिनाथ म्हणाला.

"स्पर्धा हाय न्हवं? कसली? कोन आदी जातो त्याची?"

कुणी हसलं नाही. रखमाजींना वाटलं होतं, हसतील.

"तुजंच डोकं हे," संदेश धोतराच्या टोकाकडं बघत म्हणाला, पण त्या भांडणानंतर पहिल्यांदाच सरळ भावाशी. "तुलाच सगळ्याची घाई. तंबूची घाई, फोटोची घाई."

"माझं? मला वहिनींचा फोन आला. मला वाटलं तूच सांगितलंयस त्यांना."

"मला ह्यांनीच सांगितलं," मानसी म्हणाली.

"म्या कशाला सांगू? मला तर—" संदेश थांबला. त्याला आठवलं, आपल्याला कुणी सांगितलं ते. त्यानं दाराकडं बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

"म्या सांगितलं," लीलाबाई म्हणाल्या.

*

त्यांना हे असं चारचौघांत बोलायचं नव्हतं. कधी बोलायचंच नव्हतं.

दवाखान्यात पहिल्या दिवशी त्यांना आत सोडलं नव्हतं. बाहेर बाकावर बसून त्यांनी देवाचं नाव घ्यायला डोळे मिटले, आणि वाटलं, आधी ह्यांचं तोंड डोळ्यांपुढं आणावं. ते आलं नाही. पाठ आली. बैलामागं चालणारी, घामानं भिजलेली पाठ. खोकला ऐकू आला. ताटापुढचा हात आला, करंगळीचं तुटकं नख आलं. तोंडाच्या जागी नुसती टोपी. लग्न होऊन आल्या तेव्हा सासऱ्यांपुढं, दिरांपुढं नवऱ्याकडं मान वर करून बघायची रीत नव्हती; मग सुना आल्या आणि त्यांच्यापुढंही बरं दिसत नव्हतं. बघायचं राहून गेलं होतं. त्या बाकावर त्यांना जी भीती वाटली ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. घरी आल्यावर संदेशला एवढंच म्हणाल्या, ह्यांचा एक चांगला फोटो काढून घ्या रं.

"मला हाराला न्हवता पायजे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, भाजीत मीठ कमी पडलं म्हणावं तसा. "दवाखान्यात तुमचं तोंड आटवाया बसले, तर आटवंना. निस्ती टोपी दिसली. म्हनलं, असं कसं? इतकी वर्सं एका घरात, आन् तोंड ठावं न्हाई. म्हनून म्हनलं, फोटो असावा. बघाया."

भामाबाईंनी दुसरा चिकू हातात घेतला होता, तो तसाच राहिला.

रखमाजींनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

आबांना टोपीशिवाय प्रेरणानं कधीच बघितलं नव्हतं. भुवयांच्या वरपर्यंत चेहरा उन्हानं रापलेला, तांबूस काळा. तिथून पुढं एकदम गोरंपान, कोवळं कपाळ, जसं काही ते दुसऱ्याच कुणाचं.

"अगं बया," मानसी म्हणाली. "आबा गोरं हायती!"

"पयल्यापासनं," रखमाजी म्हणाले. "पोरी, ह्या टकलावर तुजा उजेड चमकंल का?"

"चमकेल. फ्लॅश कमी करते." तिनं केला, अजून कमी केला. आता फ्लॅश आहे हे कळणारही नव्हतं, फक्त डोळ्यांत एक ठिपका येईल, एवढाच. "धोतर ताणा. पप्पा, तुमची बाजू खाली येतेय."

"तात्याची जास्त वर आहे," आदिनाथ म्हणाला.

"मग तू वर घे की," संदेश म्हणाला. "हितं धर. माज्या हाताजवळ."

"लीले," रखमाजींनी हाक मारली. नावानं. पोरांपुढं, सुनेपुढं, बहिणीपुढं. "हिकडं यं. बस हितं."

"माजं काय काम? माजे हात पिटाचे हायती."

"असू दे पिटाचे. तिकडनं दारातनं काय दिसतंय तुला? पाठच दिसनार."

भामाबाईंनी त्यांना दंडाला धरून आणलं आणि खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसवलं. लीलाबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, हात मांडीखाली लपवले आणि त्या शिकवल्यासारख्या कॅमेऱ्याकडं बघू लागल्या.

"तिकडं काय बघतीस?" रखमाजी म्हणाले. "पोरीला माजं तोंड कशाला पायजे? तुला पायजे न्हवं? बघ मग."

"आवं, समदी हायती हितं."

"असू दे. समदी उजेड धरून हायती."

लीलाबाईंनी मान वळवली. आधी नजर त्यांच्या कानापर्यंतच गेली. मग गालावर, मग त्या नव्या कपाळावर. मग डोळ्यांवर. डोळे मिटलेले नव्हते.

"हलू नका," प्रेरणा हळूच म्हणाली. ते सांगायची गरज नव्हती. दोघंही हलत नव्हते. तिनं एक घेतला, मग आणखी एक, आणि मग फोटो झाले तरी उगाचच म्हणाली, "अजून थोडा वेळ." छतातले पिवळे दिवे आणि धोतराआडून आलेला उजेड कुठं मिसळतात ते आता तिलाही सांगता आलं नसतं. पोपटी भिंत मागं कुठल्याशा शेतासारखी पुसट झाली होती.

मग सगळे कॅमेऱ्याच्या मागं जमले. धोतर सोडून संदेश आणि आदिनाथही आले, आणि कॅमेऱ्याचा पडदा लहान असल्यामुळं त्यांना डोकी जवळ आणावी लागली. भामाबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, ह्यात तू लय बरा दिसतोस. वैनी तर नवरीवानी."

लीलाबाईंनी कॅमेरा हातात घेतला, पीठ लागू नये म्हणून पदरातून, आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"पर ह्याला हार कसा घालायचा?" संदेशनं न राहवून विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"न्हाईच घालता येत!" रखमाजी मांडीवर थाप मारून म्हणाले. ह्याचीच ते वाट बघत होते. "जित्या माणसाच्या फोटोला हार घालत्यात व्हय? आता दोगं जाईस्तवर हाराचं नाव काडायचं न्हाई. एक गेला तरी न्हाई. बसा बोंबलत."

"म्हंजी तुमच्यामागं मी बी घाई करायची का?" लीलाबाई कॅमेऱ्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

"तू कशाला घाई करतीस?" रखमाजी म्हणाले. "मी थांबतो की."